पावसात पवनचक्कीची वीज घटते का?

प्रश्न : आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या भर पावसात फिरत असतात. पाती भिजल्यामुळे वीज कमी मिळते का? आणि हे कॉम्प्युटरवर काढतात म्हणे, ते कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कमी मिळते, पण नुसत्या मीटरकडे बघून ते कळायचं नाही. आपल्याकडे वारा आणि पाऊस जोडीनंच येतात, आणि वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ८ मीटरचा वारा १० मीटरचा झाला, की ताकद जवळजवळ दुप्पट! पावसानं खाल्लेली थोडीशी वीज या भरतीत कुठल्या कुठे बुडून जाते. म्हणून सिम्युलेशन करायचं. त्यात वारा तोच ठेवून नुसता पाऊस चालू-बंद करता येतो. निसर्गात ही सोय नाही.

ताशी ५० मिलिमीटरच्या मुसळधारेतही एक घनमीटर हवेत पाणी असतं जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, आणि हवा स्वतः किलोभराहून जास्त. तेव्हा पाण्याचं वजन हा खरा गुन्हेगार नव्हे. ४० मीटरचं पातं मिनिटाला १८ फेरे घेतं, तेव्हा त्याचं टोक ताशी २७० किलोमीटरनं धावत असतं. मोठा थेंब पडतो ताशी तीसेक किलोमीटरनं. म्हणजे थेंब पात्यावर पडत नाही, पातंच थेंबावर जाऊन आदळतं. थेंब फुटतो, काही तुषार उडतात, उरलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्याचे ओघळ मागे सरकतात. वेगात धावणाऱ्या गाडीच्या काचेवर दिसतात तसेच. गुळगुळीत पातं असं खडबडीत झालं, की हवा पुढच्या कडेपाशीच विस्कटते. लिफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा जोर, घटते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो.

कॉम्प्युटरवर बहुधा अख्खं पातं न घेता त्याचा एक आडवा छेद घेतात. भोवतालच्या हवेचे बारीक बारीक कप्पे पाडून प्रवाहाची समीकरणं सोडवतात. मग त्यात लहानमोठे थेंब सोडायचे. कुठल्या आकाराचे किती, यासाठी मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये दिलेलं सूत्र आजही वापरतात. प्रत्येक थेंबाचा माग काढायचा आणि पात्यावरच्या पापुद्र्याचं गणित वेगळं मांडायचं. खरी मेख आहे ती थेंब आदळतो त्या क्षणी. किती पाणी चिकटलं, किती उडालं, हे प्रयोगांवर बेतलेल्या ठोकताळ्यांनी ठरवावं लागतं. म्हणून कुणी छातीठोकपणे ‘इतके टक्के घट’ सांगितली, तर कुठल्या पात्यासाठी, कुठल्या वाऱ्यात, हे आधी विचारावं. वारा फार जोराचा असला, तर जादा ताकद टाळण्यासाठी आधुनिक यंत्र स्वतःच पाती वळवून घेतं. तिथे ही घट जाणवतही नाही. ती दिसते मध्यम वाऱ्यात.

पाऊस थांबला, पाती वाळली, की ही घट भरून निघते. टिकून राहते ती झीज. वर्षानुवर्षं थेंबांचा मारा बसून पुढच्या कडेचा लेप उडतो, खड्डे पडतात आणि मग कोरड्या उन्हाळ्यातही वीज जात राहते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर उपाय मांडला : अतिवृष्टीच्या मोजक्या तासांत चक्की मुद्दाम हळू फिरवायची. आपल्या पठारांवर पावसाळा हाच कमाईचा हंगाम असल्यानं हा उपाय जसाच्या तसा उचलणं परवडणार नाही, असं मला वाटतं.