धुराचे माप
बडोद्यानजीकच्या चरोतरात विडीची तंबाखू अमाप पिकते. तिचा धूर मोजावयाचा कसा, असा प्रश्न आम्हांस पडला. सिगारेटपुरते उत्तर तयार आहे. तंबाखू-उद्योगातील शास्त्रज्ञांच्या सहकार्यासाठी १९५६ साली पॅरिस येथे ‘कोरेस्टा’ ही संस्था स्थापन झाली. प्रयोगशाळांचे आकडे परस्परांशी जुळावेत म्हणून यंत्राचा झुरका ठरविला गेला : मिनिटास एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरांचा. गाळणीवर साचलेल्या द्रव्यातून पाणी व निकोटीन वजा केले की उरते ते ‘टार’.

पण माणूस का घड्याळ पाहून ओढतो? ‘सौम्य’ सिगारेटची सूक्ष्म छिद्रे नकळत बोटांनी झाकून तो दीर्घ झुरके घेतो. यंत्राने सांगितलेल्याहून अधिक विष त्याच्या फुप्फुसांत जाते. आणि आमची विडी? मिनिटभर थांबल्यास ती विझूनच जाते! तिच्यासाठी यंत्राला झुरके लवकर लवकर घ्यावे लागतात.