नगराच्या मालकीचे दिवे : जर्मनीतील नगर-उद्योगांची संघटना

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

प्रस्तावना

नळ सोडला की पाणी यावे, बटण दाबले की दिवा लागावा, नाक्यावर उभे राहिले की बस मिळावी, एवढ्या साध्या गोष्टींवर शहरातल्या माणसाचा दिवस उभा असतो. या सोयी पुरविणारा मालक कोण असावा, हा अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. आपल्या वर्गात त्याची चर्चा झाली की ती 'सरकारी की खाजगी' या दोन शब्दांवर येऊन थांबते. परंतु या दोहोंच्या मध्ये तिसराही एक मालक असू शकतो, आणि तो म्हणजे खुद्द ते गाव, ते नगर. जर्मनी या देशात हा तिसरा मालक गेली पावणेदोनशे वर्षे टिकून आहे. तो कसा टिकला, आणि एकेकट्या नगराला जे जमले नसते ते त्यांच्या संघटनेमुळे कसे जमले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'श्टाटवेर्के' म्हणजे काय ?

जर्मन भाषेत नगराच्या मालकीच्या सेवा-कंपनीला 'श्टाटवेर्के' म्हणतात. शब्दशः अर्थ 'नगराचे कारखाने'. वीज, गॅस, पिण्याचे पाणी, घरे उबदार ठेवणारे गरम पाणी, कोठे कोठे बसगाड्या व पोहण्याचे तलावही याच कंपनीकडे असतात. कंपनी कायद्याने स्वतंत्र असते, तिचा हिशेब वेगळा असतो. पण भाग-भांडवल सर्वस्वी अथवा बहुतांशी नगराचे असते.

याचा उगम गॅसच्या दिव्यांत आहे. बर्लिनच्या रस्त्यांवर 1826 साली गॅसचे दिवे लागले, ते एका इंग्रज कंपनीने लावले होते. तिचा एकवीस वर्षांचा करार 1847 मध्ये संपत आला, तेव्हा बर्लिन नगराने स्वतःचेच गॅसचे कारखाने उभारले. पुढे एकामागून एक नगरांनी हाच मार्ग धरला. गॅसमागून पाणी आले, पाण्यामागून वीज आली.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या हिशेबात आहे. वीज व गॅस यांच्या विक्रीतून जो नफा होतो, त्यातून बससेवेचा आणि पोहण्याच्या तलावांचा तोटा भरून काढतात. एकाच घरातला कमावता भाऊ शिकणाऱ्या भावाची फी भरतो, तसाच हा प्रकार आहे. म्युनिक शहराची नगर-कंपनी वीज-पाणी पुरविते, भुयारी रेल्वे व बस चालविणारी कंपनी तिच्याच कुटुंबातली आहे, आणि शहरातील सार्वजनिक तलावही तीच सांभाळते. खाजगी कंपनीचा नफा भागधारकाच्या घरी जातो. येथे तो गावातल्या गावात फिरतो.

एकट्याचे बळ अपुरे

परंतु या व्यवस्थेत एक उणीव जन्मजातच आहे, ती म्हणजे लहानपणा. पन्नास हजार वस्तीच्या गावाची कंपनी आणि देशभर वीज विकणारी अवाढव्य कंपनी एकाच कायद्याखाली समोरासमोर आल्या तर काय होईल, हे सांगावयास नको. राजधानीत कायद्याचा मसुदा तयार होतो, तेव्हा त्यातील एखाद्या कलमाने आपले काय नुकसान होणार हे वाचून पाहण्यास लहान गावाच्या कंपनीकडे वकीलसुद्धा नसतो.

या गरजेतून 1949 साली पश्चिम जर्मनीत नगर-उद्योगांची संघटना स्थापन झाली. तिचे जर्मन नाव 'फेरबांड कोमुनालर उंटरनेमेन', म्हणजे 'नगर-उद्योगांचा संघ'. ती 'व्ही. के. यू.' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे मुख्य कार्यालय पूर्वी कोलोन येथे होते, आता ते बर्लिनला आहे. युरोपीय संघाच्या कारभारावर लक्ष ठेवण्यासाठी ब्रुसेल्स येथेही कार्यालय आहे. आज दीड हजारांहून अधिक नगर-कंपन्या तिच्या सभासद आहेत. वीज, पाणी व सांडपाणी यांखेरीज कचरा व शहर-सफाई करणाऱ्या नगर-संस्थाही तिच्यात आहेत.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. ही संघटना स्वतः वीज विकत नाही की नळ जोडत नाही. कामगारांच्या पगाराच्या वाटाघाटीही ती करीत नाही, त्यासाठी नगर-मालकांची वेगळी संघटना आहे. हिचे काम तीन प्रकारचे : कायदे होत असताना सभासदांची बाजू संसदेपुढे व मंत्रालयांपुढे मांडणे, झालेल्या कायद्याचा अर्थ सभासदांना समजावून देणे, आणि एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडेल अशी सोय करणे. थोडक्यात, गावाचा जवळपणा न घालविता त्याला आकाराचे बळ उसने देणे, हे तिचे प्रयोजन होय.

कसोटीचे तीन प्रसंग

पहिला प्रसंग दोन्ही जर्मनींच्या एकीकरणाचा. पूर्व जर्मनीत साम्यवादी राजवटीने नगरांचे वीज-उद्योग सरकारजमा केले होते. 1990 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या करारान्वये तेथील वीजव्यवस्था पश्चिमेकडील बड्या कंपन्यांच्या हाती जाऊ लागली. म्हणजे पूर्वी सरकारने नेले, ते आता परत येण्याऐवजी तिसऱ्याकडेच चालले ! तेव्हा 164 नगरांनी व गावांनी घटना न्यायालयाकडे धाव घेतली. त्यांचा आधार होता जर्मन राज्यघटनेचे 28 वे कलम, ज्यात स्थानिक कारभार स्वतःच्या जबाबदारीवर चालविण्याचा गावांचा हक्क मान्य केलेला आहे. ऑक्टोबर 1992 मध्ये न्यायालयाने स्टेंडाल या पूर्वेकडील गावी सुनावणी घेतली, आणि डिसेंबरात तडजोड झाली. नगरांनी प्रादेशिक वीज कंपन्यांतील भागांवरचा हक्क सोडावा व त्या बदल्यात आपल्या हद्दीतील वीजवाहिन्या मिळवाव्यात, असे ठरले. त्यानंतर पूर्वेत नवी नगर-उद्योगांची फळी उभी राहिली.

दुसरा प्रसंग 1998 सालचा. त्या वर्षी नव्या कायद्याने वीजबाजार खुला झाला. ग्राहक कोणाकडूनही वीज घेऊ शकणार, मग लहान नगर-कंपन्या पटापट बुडतील, असे भाकीत अनेक जाणत्यांनी केले. काही नगरांनी धास्तीने आपले भाग विकलेही. तथापि बहुतेक कंपन्या तगल्या. त्यांनी एकत्र येऊन वीजखरेदी सुरू केली. 1999 मध्ये आखेन येथे याच हेतूने नगर-कंपन्यांनी 'ट्रिआनेल' ही सामायिक कंपनी काढली. पुढे वारे उलटे फिरले. हॅम्बुर्ग शहरात सप्टेंबर 2013 मध्ये वीज, गॅस व उष्णता यांची जाळी परत विकत घ्यावीत की नाही यावर जनमत घेतले गेले, आणि 50.9 टक्के मतांनी 'घ्यावीत' असा कौल मिळाला.

तिसरा प्रसंग पाण्याचा. सेवांची कंत्राटे देण्याविषयी युरोपीय संघ जो नियम करू पाहत होता, त्यामुळे पिण्याचे पाणी मागील दाराने खाजगी हातांत जाईल अशी भीती निर्माण झाली. नगर-उद्योग संघाने कडाडून विरोध केला. त्याच सुमारास 'पाणी हा हक्क आहे' अशी मागणी करणाऱ्या नागरिकांच्या निवेदनावर युरोपभर अठरा लाखांहून अधिक सह्या झाल्या. जून 2013 मध्ये पाणी त्या नियमातून वगळल्याचे जाहीर झाले. कार्यालयात बसून कलमे वाचणारी संघटना आणि रस्त्यावर सह्या गोळा करणारे नागरिक ही दोन चाके एकाच वेळी फिरली, म्हणून गाडा हलला, असे मला वाटते.

दुसरी बाजू

नगराची मालकी म्हणजे रामराज्य नव्हे. थ्युरिंगिया प्रांतातील गेरा या नगराची कंपनी 2014 साली दिवाळखोरीत निघाली, आणि तिच्याबरोबर बससेवेवरही संकट आले. कमावत्या भावाचीच कमाई आटली तर शिकणाऱ्याचे काय, हा प्रश्न आज तेथे सर्वत्र विचारला जातो. 2022 मध्ये रशियाचा गॅस बंद झाला तेव्हा गॅसचे भाव इतके चढले की चांगल्या चालणाऱ्या नगर-कंपन्यांनाही रोकड पुरेना, आणि संघाला सरकारकडे संरक्षण मागावे लागले.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. संघ हा कंपन्यांचा आहे, नागरिकांचा नव्हे. कंपनीचे हित आणि गावाचे हित बहुधा एकच असते. पण नेहमीच असते असे नाही. हॅम्बुर्गच्या 50.9 या आकड्याचा अर्थ असाही आहे की जवळजवळ निम्म्या मतदारांना ती खरेदी नको होती.

आपल्याकडे काय ?

महाराष्ट्रात या व्यवस्थेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी संस्था म्हणजे मुंबईची 'बेस्ट'. ऑगस्ट 1947 मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महानगरपालिकेने ही खाजगी कंपनी आपल्या ताब्यात घेतली. वीज आणि बस एकाच छत्राखाली, आणि विजेच्या शिलकीतून बसचा तोटा भरावयाचा, ही तिची अनेक दशकांची रीत थेट म्युनिकची आठवण करून देते. पुढे 'विजेच्या ग्राहकाने बसचा भार का सोसावा ?' हा वादही येथे झाला, आणि आता बससाठी महानगरपालिकेच्या अनुदानाचा आधार घ्यावा लागतो.

परंतु बेस्टसारख्या संस्था आपल्या देशात विरळाच. केरळात त्रिशूर महापालिका स्वतः वीज वाटते. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. बसच्या बाबतीत मात्र सार्वजनिक परिवहन उपक्रमांची अखिल भारतीय संघटना 1965 पासून आहे, आणि ती सुट्या भागांच्या खरेदीचे दर एकत्रितपणे ठरविते. म्हणजे एकीचा लाभ आपल्याला अगदीच अपरिचित नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोग्या अठरा विषयांची यादी दिली. त्यात पाणीपुरवठा आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत, वीज-वितरण नाही. दिवा नगरपालिकेचा, वीज दुसऱ्याची ! आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी नगरपरिषद ही विजेची मालक नसून गिऱ्हाईक असते, आणि पाणी उपसणाऱ्या पंपाचे बिल हा तिच्या अंदाजपत्रकातला मोठा खर्च असतो.

आमच्या आळीत नळाला दिवसाआड पाणी येते. माझी आई लिहू-वाचू शकत नाही. पण पाणी आले नाही तर कोणाच्या दारात जाऊन विचारायचे, हे तिला पक्के ठाऊक आहे. मालक गावातला असण्याचा अर्थ मला पुस्तकापेक्षा तिच्याकडून अधिक कळला. मात्र ज्याच्या दारात ती जाते, त्याचेही हात पुष्कळदा बांधलेले असतात, आणि त्याचे गाऱ्हाणे मुंबई-दिल्लीपर्यंत पोचविणारा कोणी नसतो.

उपसंहार

सारांश, नगराच्या मालकीचे बळ तिच्या जवळपणात आहे आणि तिचे दौर्बल्य तिच्या लहानपणात. जर्मन नगरांनी जवळपणा सोडला नाही, आणि लहानपणावर उपाय म्हणून संघ काढला. त्यांचे कायदे, त्यांचा पैसा, त्यांचा इतिहास आपल्याहून निराळा आहे. त्यांची नक्कल करून आपले नळ वाहू लागणार नाहीत. परंतु ज्यांच्या अडचणी सारख्या आहेत, त्यांनी एकत्र बसून आपले हिशेब एकमेकांपुढे मांडावेत, एवढे करण्यास घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. राज्यातील नगरपरिषदांनी निदान आपल्या पाणीपुरवठ्याचे आकडे तरी एका पाटावर आणावेत. ते आकडे वाचून प्रश्न विचारण्याचे काम मात्र आपले, म्हणजे महाविद्यालयात शिकणाऱ्यांचे आहे.