विममधल्या खिडक्यांची मांडामांड

प्रश्न : मी विम एडिटरमध्ये एकाच वेळी तीन-चार फाइली उघडतो. नवी खिडकी भलत्याच जागी उघडते आणि हव्या त्या खिडकीत जाताना गोंधळ उडतो. काय करावे?

उत्तर : खिडक्यांच्या बहुतेक आज्ञा कंट्रोल-डब्ल्यूने सुरू होतात. त्यानंतर 'एस' दाबा, म्हणजे वर-खाली दोन खिडक्या होतील. 'व्ही' दाबलेत तर शेजारी-शेजारी. 'एच', 'जे', 'के', 'एल' या कळांनी अनुक्रमे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाता येते. हीच अक्षरे शिफ्टसह दाबली, तर चालू खिडकीच त्या कडेला सरकते. बरोबरीच्या चिन्हाने सगळ्या खिडक्या सारख्या आकाराच्या होतात.

तुमच्या गोंधळाचे मूळ वेगळेच आहे. विम मुळात नवी खिडकी वर किंवा डावीकडे उघडतो. व्हिमआरसी फाइलीत 'स्प्लिटबिलो' आणि 'स्प्लिटराइट' हे पर्याय चालू करा. मग ती खाली किंवा उजवीकडे उघडेल.

पडद्यावर दाटी झाली, तर कंट्रोल-डब्ल्यूनंतर 'ओ' दाबा. चालू खिडकी सोडून बाकीच्या बंद होतील. त्यांतल्या फाइली मात्र बफरच्या यादीत राहतात, तेव्हा बिनधास्त बंद करा.