गाठ निघाली, तरी रक्त दे

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, ऑपरेशननं गाठ निघाली ना, मग आता ती जीनची तपासणी कशाला?" शेजारी सासूबाई होत्या, म्हणून मी गप्प बसले. आता निवांत लिहितेय.

शिरूरच्या त्या वखारीत आपण कांदा निवडायचो तेव्हा भर थंडीत तुझी पाठ घामानं चिंब व्हायची. डोकं ठणकायचं, छातीत धडधडायचं. चार वर्षं सगळ्यांनी त्याला 'टेन्शन' म्हटलं, मीसुद्धा. शेवटी मोरीच्या कोपऱ्यात कॅन ठेवून तू चोवीस तासांची लघवी साठवलीस, मेटानेफ्रिन वाढलेलं निघालं आणि मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ॲड्रेनल ग्रंथीतली ती गाठ सापडली. फिओक्रोमोसायटोमा.

मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी २०१६ साली अशा दीडशे रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांतल्या साधारण तिघांमागे एकाच्या जीनमध्ये जन्मापासूनच दोष होता, सगळ्यांत जास्त व्हीएचएल या जीनमध्ये. तू जेमतेम चौतीसची. डॉक्टर उगाच मागे लागलेले नाहीत. दोष कुठल्या जीनमध्ये आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. व्हीएचएल असेल तर डोळे, मेंदू, मूत्रपिंडं तपासत राहायचं. आरईटी असेल तर थायरॉईडवर नजर ठेवायची, कॅन्सर व्हायच्या आधीच ती ग्रंथी काढता येते. आणि एसडीएचबी असेल तर रोग पसरायची भीती जास्त, मग एकही तपासणी चुकवायची नाही.

तुझी खरी भीती मला कळते गं. पोरीच्या लग्नात आडवं येईल, माहेरची खोट म्हणतील. पण दोष असलाच तर तो प्रत्येक लेकरात उतरायची शक्यता निम्मी असते. तुझा नेमका दोष सापडला, की पोरांचा तेवढाच तपासायचा. ज्याच्यात नसेल, त्याची त्या दोषापुरती काळजी मिटली. ज्याच्यात असेल, त्याला तुझ्यासारखी चार वर्षं वाया घालवावी लागणार नाहीत.

आणि आपले आप्पा? पन्नाशीच्या आत, रात्री झोपेतच गेले. बीपी होतं, एवढंच आपल्याला ठाऊक. तुझ्यात काही निघालं तर मीही रक्त देणार आहे, हे अजून घरी कुणाला बोलले नाही.

रिपोर्टमध्ये कधी 'अर्थ निश्चित नाही' असंही लिहून येतं. तेवढ्यावरून घाबरून जायचं नाही, डॉक्टरांना नीट विचारायचं.

रविवारी रात्री दौंडला माझ्याकडे मुक्कामाला ये. ऑपरेशनची फाईल आणि गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट विसरू नकोस. रक्त द्यायला पहाटेची गाडी धरू. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, भाकरी आणि ठेचा मी बांधून घेते.