जुना मोजणीदार व त्याची साखळी

बांधाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे आपण जुने टिपण काढावयास सांगतो. ते टिपण कोणी व कोणत्या रीतीने लिहिले, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. मढसारख्या गावी, जेथे एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी, तेथे ही माहिती विशेष उपयोगी आहे. हे गाव इंग्रजी अमदानीत ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे.

पुणे कलेक्टरीत प्रिंगलसाहेबांनी केलेली पहिली मोजणी फसली. मापे सदोष, आकार भारी. रयतेने जमिनी टाकल्या. पुढे १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड यांनी नव्याने काम आरंभिले व विंगेट त्यांस येऊन मिळाले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने इलाख्याचे नियम ठरले.

मोजणीदाराचा मुक्काम राहुटीत. पिके निघाली की उन्हाळा संपेपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी. पाटील व खातेदार यांस बोलावून हद्द दाखवून घ्यावयाची, मग साखळी ओढावयाची. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेतातून एक सरळ रेषा धरून, शंकूच्या साहाय्याने कोपऱ्यांपर्यंत लंब काढीत व अंतरे जागेवरच टिपणात लिहीत. दहा साखळ्या लांबीच्या शेतात रुंदी एक आणा, म्हणजे सुमारे दोन फूट, चुकली तर अर्ध्या गुंठ्याहून अधिक फरक पडतो! खाजणात तर भरती चढल्यावर साखळी धरणेच अशक्य. मढच्या वाऱ्यात साखळी ताठ धरणे हेही सोपे काम नव्हे, हे ज्याने टेप धरला आहे तो जाणतो.

मोजणीनंतर प्रतवारी. देशावर मातीची खोली व दोष पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावीत. कोकणातील भातजमिनीची रीत निराळी होती. आकार साधारणतः तीस वर्षांसाठी ठरत असल्यामुळे कुदळीच्या एका चुकीच्या खड्ड्याचा भार शेतकऱ्यास तितकी वर्षे वाहावा लागे. म्हणून वरिष्ठ अधिकारी काही शेते पुन्हा मोजून पाहात.

पावसाळ्यात कचेरीत बसून क्षेत्राचे गुणाकार व मैलास ८ इंच या प्रमाणाचा गावनकाशा.

आज मोजणी उपग्रहाच्या आधारे होते. तरीही मूळ हद्दीचा वाद निघाल्यास भूमि अभिलेख कार्यालयातून टिपणाची नक्कल मागवावी, साखळ्यांचे फूट करून घ्यावे आणि बांधावरील जुना दगड कोणी हलविलेला नाही ना, हे प्रथम पाहावे.