क्राऊन-पिनियन बदलल्यावर काट्याचा हिशेब



जुन्या जीपचा स्पीडोमीटर थेट चाकाचे फेरे मोजत नाही. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून मागे जाणाऱ्या शाफ्टवर, म्हणजे डिफरन्शियलच्या अलीकडे फिरते. शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो, हे डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचे दात ठरवतात. गिअरबॉक्समधले गिअर बदलले तर काट्याला धक्का लागत नाही, कारण ते केबलच्या आधी असतात. क्राऊन-पिनियन बदलले की मात्र हिशेब मोडतो.

सीजे-३बी जीपचे मूळ प्रमाण ५.३८ आहे. हायवेवर इंजिनाचे फेरे कमी व्हावेत म्हणून तिथे ४.२७ चे क्राऊन-पिनियन बसवले, तर त्याच वेगाला शाफ्ट पूर्वीच्या ७९ टक्केच फिरतो. काट्यावर ताशी ६० किलोमीटर दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ७५ च्या पुढे असते. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इथे ते जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढलेले असते. घाटाच्या उतारावर एवढा फरक जीव घेतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानेही काट्याला खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवण्याची मुभा दिली आहे. कमी दाखवण्याची मुळीच नाही.

किलोमीटर मोजणारे आकडे त्याच केबलवर चालतात. १०,००० किलोमीटर धावलेली गाडी ७,९४० च्या आसपास दाखवते. त्यामुळे ऑइल बदलायला उशीर होतो आणि अ‍ॅव्हरेज खऱ्यापेक्षा कमी निघते.

टायरचाही वाटा असतो. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा ७३३.५. दुसरा बसवला की काटा आणखी चार टक्के मागे पडतो. चाकांवरच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या नव्या गाड्यांत क्राऊन-पिनियनचा परिणाम होत नाही, टायरचा होतोच.

उपाय केबलच्या टोकाच्या लहान गिअरमध्ये आहे. त्याच्या दातांच्या जुन्या संख्येला नव्या प्रमाणाने गुणावे आणि जुन्या प्रमाणाने भागावे. टायर बदलले असतील तर जुन्या व्यासाने गुणून नव्याने भागावे. टायर तेच असून गिअर २० दातांचा असेल, तर उत्तर १५.८७ येते, १६ दातांचा गिअर घ्यावा. चूक एका टक्क्याच्या आत येते. तेवढ्या दातांचा गिअर मिळाला नाही, तर केबलला प्रमाण बदलणारी छोटी गिअरपेटी जोडावी. हे काम क्राऊन-पिनियनसोबतच उरकावे. काटा चुकीचा ठेवून गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

शेवटी पडताळा घ्यावा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने घड्याळ धरावे. मैलाच्या एका दगडापासून पुढच्यापर्यंतचा किलोमीटर बरोबर ६० सेकंदांत सरला पाहिजे. मग दहा किलोमीटरचे आकडे ताडून पाहावेत. दोन्हींत सारख्याच टक्क्यांची चूक निघाली, तर दोष गिअरच्या प्रमाणात असतो. आकडे बरोबर आणि काटा तेवढा चुकीचा असेल, तर मीटरमधले चुंबक किंवा स्प्रिंग थकलेली असते. तिथे दात बदलून उपयोग नाही, मीटरच दुरुस्त करावा.

तुझा,
काका