करुणरस आणि रेखाटलेले अश्रू : जपानी ॲनिमेतील काही प्रसंगांचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

मराठी प्रेक्षकाला नाट्यगृहात रडण्याचे वावडे कधीच नव्हते. ठाण्यातील प्रमुख नाट्यगृहाला राम गणेश गडकरी यांचे नाव आहे आणि कल्याणच्या रंगमंदिराला आचार्य अत्रे यांचे. हे दोघेही विनोदकार म्हणून विख्यात. तरीही मराठी माणसाला सर्वाधिक रडवणाऱ्या कलाकृतींची यादी केली, तर या दोघांना वगळता येणार नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांच्या पिढ्या हळव्या केल्या. अत्र्यांनी १९५३ साली साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ला पडद्यावर आणले आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील आजच्या तरुण प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कलाकृतींमध्ये मात्र जपानी ॲनिमेचाही समावेश झाला आहे. २०१९ साली माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतीय चित्रपटगृहांत लागला, तो चाहत्यांनी केलेल्या मागणीनंतर. त्यानंतर असे चित्रपट आपल्याकडे वरचेवर प्रदर्शित होऊ लागले. या चित्रपटांतील माणसे कागदावर किंवा संगणकावर रेखाटलेली असतात. त्यांची भाषा परकी, त्यांचा देश परका. तरी प्रेक्षक रडतो.

या अश्रूंकडे साहित्याच्या अभ्यासकाने कसे पाहावे? ही केवळ भाबडी भावविवशता आहे, की आपल्या काव्यशास्त्राने ज्याला करुणरस म्हटले त्याचाच हा आस्वाद आहे? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मराठी विभागात शिकणारा विद्यार्थी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांची चर्चा परीक्षेसाठी पाठ करतो, आणि स्वतःचे खरेखुरे अश्रू मात्र अभ्यासविषयाच्या बाहेर ठेवतो. त्याने प्रत्यक्ष अनुभवलेल्या करुणाची उकल रससिद्धान्ताला करता येत नसेल, तर तो सिद्धान्त केवळ जतन करण्याची वस्तू ठरेल. उलट ती उकल करता आली, तर सिद्धान्त आणि नवी कला या दोहोंवरही प्रकाश पडेल. प्रस्तुत लेखात त्या दिशेने अल्पसा प्रयत्न केला आहे.

२. चित्रातला घोडा

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. अश्रू हा रसाचा पुरावा नव्हे. भरताने आठ सात्त्विक भावांत अश्रूची गणना केली आहे. परंतु आनंद, क्रोध, भय आणि शोक यांच्या जोडीला धूर, अंजन आणि जांभई हीही त्याची कारणे सांगितली आहेत. तेव्हा डोळ्यांत पाणी आले एवढ्यावरून कलाकृतीची प्रत ठरत नाही. ते कोणत्या वाटेने आले, हे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न रेखाटलेल्या माणसांचा. हाडामांसाच्या नटाला पाहून रडणे समजू शकते. रेषा आणि रंग यांच्यासाठी कोण रडते, असा आक्षेप सहज घेतला जातो. या आक्षेपाचे उत्तर श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायात आधीच आलेले आहे. चित्रातला घोडा पाहताना हा खरा घोडा आहे असे आपण समजत नाही. हा घोडा नव्हे, असेही म्हणत नाही. संशय किंवा सादृश्य यांतही अडकत नाही. या सर्वांहून निराळ्या प्रतीतीने आपण त्याला ‘घोडा’ म्हणतो. नटाच्या ठिकाणी राम दिसतो तो याच प्रतीतीने, असे शंकुकाचे म्हणणे. त्याने नट समजावून देण्यासाठी चित्राचा दाखला घेतला. ॲनिमेत हा दाखलाच मूळ वस्तू झाला आहे.

भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या दृष्टीने तर रेखाटलेल्या पात्राला एक सोय लाभते. नटाला स्वतःचे नाव असते, चरित्र असते, मागच्या भूमिकांची आठवण असते. रेखाटलेल्या मुलाला त्या कथेबाहेर आयुष्यच नाही. थोड्या रेषांत काढलेला चेहरा कोणा एकाचा राहत नाही, आणि म्हणून तो अनेकांच्या भावंडाचा होऊ शकतो. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. स्वतःची भूमिका न सोडता परक्याच्या भूमिकेत शिरणे, असा तिचा आशय आहे. हे रेषांनी काढलेले चित्र आहे, ही जाणीव न सुटता प्रेक्षक त्या चित्रात शिरतो, तेव्हा केळकरांना अभिप्रेत असलेली अवस्थाच तो अनुभवत असतो.

३. आधी सांगितलेला मृत्यू

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, म्हणजे काजव्यांची कबर, हा चित्रपट १९८८ साली स्टुडिओ घिब्लीने निर्माण केला. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर तो आधारलेला आहे. नोसाका यांची धाकटी बहीण युद्धकाळात अन्नावाचून मरण पावली होती; त्या वेदनेतून ही कथा आली. १९४५ मध्ये कोबे शहरावर झालेल्या बॉम्बवर्षावात आई गमावलेला सेइता आणि त्याची चिमुकली बहीण सेत्सुको यांची ही कहाणी.

चित्रपटाची सुरुवातच सेइताच्या मृत्यूने होते. रेल्वे स्थानकाच्या खांबाला टेकून तो भुकेने मरतो. त्याच्याजवळचा गोळ्यांचा पत्र्याचा डबा कोणीतरी बाहेर भिरकावतो आणि त्यातून बहिणीच्या अस्थी सांडतात. पुढे काय होणार, ही उत्कंठा पहिल्या काही मिनिटांतच संपते.

‘श्यामची आई’ची रचना येथे आठवल्याशिवाय राहत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. आई आता नाही, हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते. दोन्ही ठिकाणी मृत्यू आधी येतो आणि जीवन मागाहून. त्यामुळे भाताचा घास, अंगावरचे पांघरूण, थट्टेतले एखादे वाक्य अशा प्रत्येक साध्या क्षणावर शेवटाची सावली पडते. करुणरसाला उत्कंठेची गरज नसते, ही गोष्ट या दोन कृती एकमेकींपासून इतक्या दूर राहूनही सिद्ध करतात. शेवटही जवळचे आहेत. साने गुरुजींच्या एका प्रकरणाचे शीर्षकच ‘भस्ममय मूर्ती’ असे आहे. ताकाहातांच्या मुलाच्या हाती खाऊचा डबा उरतो, आणि त्या डब्यात अस्थी. उद्दीपन विभाव म्हणून एवढी लहान वस्तू एवढे मोठे काम करते, कारण तिच्यात पूर्वी गोडी होती.

४. जाणणे आणि न जाणणे

आईच्या मृत्यूची वार्ता सेइता बहिणीपासून लपवतो. ती आईसाठी रडू लागते, तेव्हा तो तिला समजावीत बसत नाही. शाळेच्या पटांगणातल्या आडव्या दांडीवर कसरती करून दाखवतो. पुढे एका सकाळी सेत्सुको मेलेल्या काजव्यांसाठी खड्डा खणताना दिसते. आईसुद्धा कबरीतच आहे ना, असे ती सहज बोलून जाते. तिला ते मावशीकडून केव्हाच कळलेले असते. येथे आतापर्यंत न रडलेला सेइता रडतो, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही.

या प्रसंगाचे बळ कशात आहे? तोवर सेइता आणि प्रेक्षक एका बाजूला होते, सेत्सुको दुसऱ्या. आपल्याला जे ठाऊक आहे ते तिला ठाऊक नाही, अशी आपली समजूत होती. ती समजूत एका वाक्याने मोडते. इतके दिवस आपण तिला सांभाळत नव्हतो, तीच एकटीने हे ओझे वागवीत होती, हे ध्यानात येते. करुण येथे नव्या आपत्तीतून निर्माण होत नाही. ज्ञानाच्या वाटणीत झालेल्या पालटातून निर्माण होतो.

हीच युक्ती उलट दिशेने वापरलेली ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये आढळते. हिरोमु अराकावा यांच्या चित्रकथेवरील या मालिकेत ह्यूज नावाचा अधिकारी मारला जातो. दफनाच्या वेळी त्याची लहान मुलगी विचारते, की बाबांना का पुरताहेत. त्यांना पुष्कळ काम आहे, पुरल्यावर ते कसे करतील? सारे जाणतात, ती एकटी जाणत नाही. त्यानंतर ह्यूजचा मित्र मस्टांग थडग्यापाशी उभा राहून पाऊस पडू लागल्याचे म्हणतो. आभाळ निरभ्र असते. त्याच्या गालावरून मात्र पाणी ओघळते. अनुभाव डोळ्यांसमोर आहे आणि शब्द तो नाकारतात. या नाकारण्यातच व्यंजना आहे.

गडकऱ्यांच्या सिंधूचे सामर्थ्यही असेच आहे. दारिद्र्यात दळण दळणारी सिंधू नवऱ्याविषयी तक्रारीचा शब्द काढीत नाही; म्हणूनच तो शब्द प्रेक्षकाच्या मनात उमटतो. पात्राने आवरलेला शोक सहृदयाकडे सोपवला जातो, असा नियम यातून सुचतो. पात्र स्वतःच सारे रडून मोकळे झाले, तर प्रेक्षकासाठी काही उरत नाही. ‘डेमन स्लेयर’च्या २०२० मधील चित्रपटात रेंगोकूच्या मृत्यूनंतर त्याचे सोबती बराच वेळ आक्रोश करतात. त्यात अधिक भिडतो तो रानडुकराचा मुखवटा घातलेला इनोसुके. तो इतरांना रडू नका म्हणून ओरडतो, आणि मुखवट्याखालून त्याचेच अश्रू वाहतात.

५. प्रेक्षकाची जागा

अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे, हे त्यांपैकी एक. सजवलेले नाट्यगृह आणि गीतवाद्ये यांनी हे विघ्न दूर होते, असे त्याचे मत. गडकरी रंगायतन असो, अत्रे रंगमंदिर असो, की डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर असो. तेथील अंधार हे कार्य करतो. अंधारात शेजारचाही रडत असतो आणि रडण्याला एक सामुदायिक संमती मिळते.

ॲनिमेचा प्रेक्षक पुष्कळदा एकटा असतो. कल्याण आणि मुंबई यांच्या दरम्यान लोकल गाडीच्या गर्दीत उभा राहून तो हातातल्या लहानशा पडद्यावर हे प्रसंग पाहू शकतो. भोवती उजेड आहे, धक्के आहेत, अनोळखी माणसे आहेत. त्याला अश्रू आवरावे लागतात. गंमत अशी, की या स्थितीत प्रेक्षक मस्टांगच्याच जागी येतो. शास्त्राने सांगितलेली बहुतेक विघ्ने हजर असतानाही रसप्रतीती होत असेल, तर कलाकृतीचे बळ तरी मोठे मानले पाहिजे, किंवा कानातली ध्वनियंत्रे हेच आजचे नाट्यगृह आहे असे तरी मानले पाहिजे. बहुधा दोन्ही अंशतः खरे आहे.

६. अश्रूंची मर्यादा

करुण दुःखद असता तर त्याकडे कोणीच वळले नसते, असे विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त म्हणतो, अश्रू येतात ते चित्त द्रवते म्हणून. ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र-गुणचंद्र मात्र रसाला सुखदुःखात्मक मानतात. काजव्यांच्या कबरीचा अनुभव दुसऱ्या मताला अधिक अनुकूल आहे. अनेकांना तो चित्रपट पुन्हा पाहवत नाही, तरीही तो पाहिला नसता तर बरे झाले असते असे ते म्हणत नाहीत. केवळ आनंदाच्या परिभाषेत या अनुभवाची संगती लागत नाही.

चित्त द्रवल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न भवभूतीने सर्वांत निष्ठुरपणे विचारला आहे. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्याची चित्रे दाखवतो. चित्रातली शूर्पणखा पाहून सीता घाबरते आणि हे चित्र आहे, असे सांगून राम तिला धीर देतो. चित्रातला विरह पाहून त्याचेही डोळे भरून येतात. रेखाटलेल्या प्रसंगाने प्रेक्षक रडल्याचे यापेक्षा बोलके उदाहरण आपल्या परंपरेत क्वचितच सापडेल. आणि त्याच अंकाच्या शेवटी, चित्रातल्या सीतेसाठी रडलेला तोच राम प्रत्यक्षातल्या सीतेचा त्याग करतो.

ताकाहातांनीही आपला चित्रपट केवळ युद्धविरोधी म्हणून पाहिला जाऊ नये, असे वारंवार सांगितले. भावंडांनी समाजापासून तुटून आपले वेगळे घरटे केले आणि त्या तुटलेपणात ती नाहीशी झाली, याकडे त्यांना तरुणांचे लक्ष वेधायचे होते. म्हणजे नुसते रडून उठणाऱ्या प्रेक्षकाने चित्रपटाचा अर्धाच भाग पाहिला, असे म्हणावे लागेल.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. एक, रेखाटलेल्या पात्रांविषयीचा शोक हा करुणरसाच्या कक्षेत बसतो, आणि त्याची उकल करण्याची साधने आपल्या शास्त्रात आहेत. दोन, अश्रू आणणारा प्रत्येक प्रसंग सारख्या प्रतीचा नसतो. आधी सांगितलेला मृत्यू, ज्ञानाच्या वाटणीतला पालट आणि आवरलेला अनुभाव या तीन कसोट्यांवर चांगला प्रसंग आणि नुसता रडवा प्रसंग यांत भेद करता येतो. तीन, चित्त द्रवणे ही आस्वादाची सुरुवात आहे. तिला नैतिक प्रमाणपत्र समजू नये, हा इशारा भवभूतीने फार पूर्वी दिला आहे. या कसोट्या विद्यार्थ्यांनी ‘एकच प्याला’ला लावाव्यात आणि काजव्यांच्या कबरीलाही. एकाच मापाने दोन्ही मोजता आली, तरच ते माप खरे.